जुने सिनेमे बघताना झोप येते? मग एकदा असं बघा

ब्लॅक अँड व्हाइट लावला की वीस मिनिटांत डोळे मिटतात असं म्हणणारे बरेच जण भेटतात आणि मला खरंच वाईट वाटतं, कारण त्यात त्यांची काही चूक नसते, कुणीतरी जगातल्या शंभर ग्रेट सिनेमांची यादी हातात दिलेली असते आणि बिचारे एक नंबरपासून सुरू करतात. ती यादी आधी बाजूला ठेवा.

सुरुवात तुम्हाला तोंडपाठ असलेल्या सिनेमापासून करा आणि तिथून मागे जा. 'अशी ही बनवाबनवी' (१९८८) घ्या, आपल्याकडे यापेक्षा मोठा कल्ट मला तरी माहीत नाही. त्याची मूळ गोष्ट हृषीकेश मुखर्जींच्या १९६६ च्या 'बीवी और मकान'मधली आहे, तो लावा. गोष्ट आधीच माहीत असल्यामुळे डोकं मोकळं राहतं आणि तुम्ही नुसतं काम बघता, कोण कसं उभं राहतंय, विनोद कुठे थांबवलाय. तसंच 'जाने भी दो यारो'चं (१९८३). त्यातल्या बागेचं नाव अँटोनिओनी पार्क का आहे हे शोधत गेलात की अँटोनिओनी या इटालियन दिग्दर्शकाच्या 'ब्लो-अप'ला पोचता, कारण फोटो मोठा करत गेल्यावर खून सापडतो ही कल्पना तिथली आहे. 'जाने भी दो यारो'चे दिग्दर्शक कुंदन शाहांनी उघड सलाम ठोकलाय. परदेशी क्लासिक बघायला हे दार मला सगळ्यात सोपं वाटतं.

दुसरा रस्ता नटाचा. निळू फुले म्हटलं की लोकांना फक्त बेरकी पाटील आठवतो, तर 'सामना' (१९७५) आणि 'सिंहासन' (१९७९) लागोपाठ दोन रात्री बघा. दोन्ही जब्बार पटेलांचे, दोन्ही तेंडुलकरांनी लिहिलेले. पहिल्यात निळूभाऊ साखरसम्राट हिंदूराव, आख्खा गाव मुठीत. दुसऱ्यात तेच दिगू टिपणीस, पत्रकार, जो नुसता बघत राहतो, ऐकत राहतो. त्यांचे खांदे बघा दोन्हीकडे. तोच माणूस आहे यावर विश्वास बसत नाही.

आता बघण्याआधीची तयारी, ही कुणी सांगत नाही म्हणून सांगतो. जुना सिनेमा जवळजवळ चौकोनी असतो, चारास तीन, आणि आपला टीव्ही तो ताणून रुंद करतो, मग माणसं बुटकी आणि चेहरे जाडे दिसतात. सेटिंगमध्ये जाऊन ४:३ करा, दोन्ही बाजूला काळे पट्टे आले म्हणजे बरोबर झालं. मागाहून रंग चढवलेली प्रिंट असेल तर ती सोडा, मूळची शोधा. हेडफोन लावा, कारण जुन्या प्रिंटमध्ये खरखर असते आणि टीव्हीच्या स्पीकरवर अर्धे संवाद त्यात बुडतात, आणि मग आपण म्हणतो सिनेमा स्लो आहे. फोन दुसऱ्या खोलीत. पहिली पंधरा मिनिटं जड जातील, ती जाऊ द्या.

हेडफोनचा एवढा आग्रह का, तर 'कुंकू'साठी. दिग्दर्शक व्ही. शांताराम, प्रभात फिल्म कंपनी, १९३७. म्हाताऱ्या विधुराशी फसवून लग्न लावून दिलेली नीरा, म्हणजे शांता आपटे, आणि ती हे लग्न मानतच नाही. या सिनेमाला पार्श्वसंगीत नाही. मुद्दाम नाही. जे ऐकू येतं ते त्या घरातलंच. एकदा फक्त कानांनी बघा. त्या वाड्यातलं घड्याळ टिकटिकायला लागतं आणि तिकडे तो म्हातारा नवरा, म्हणजे केशवराव दाते, आरशासमोर मिशा काळ्या करत बसलेत, व्हायोलिन नाही काही नाही, माणूस आणि त्याचं वय एवढंच खोलीत आहे. मी पहिल्यांदा बघितला तेव्हा ही गोष्ट लक्षातच आली नव्हती, दुसऱ्यांदा कळली आणि अंगावर काटा आला. म्हणून माझा नियम, आवडलेला क्लासिक महिन्याभरात परत बघायचा आणि त्या वेळी एकच गोष्ट धरायची, आवाज किंवा हात किंवा नुसता उजेड. हो, प्रभातचे बरेच सिनेमे मराठी आणि हिंदी असे दोन्ही भाषांत केलेले आहेत ('कुंकू'चा हिंदी 'दुनिया न माने'), मराठी येत असेल तर मराठीच बघा, बोलण्याची चव वेगळी आहे.

पुण्यात असाल तर लॉ कॉलेज रोडच्या फिल्म अर्काइव्हमध्ये काय दाखवतायत त्यावर लक्ष ठेवा. मोठ्या पडद्यावर बघण्याला तोड नाही.

'कुंकू'मधलं 'मन सुद्ध तुझं' तुम्ही शंभरदा ऐकलं असेल, ते गीतकार शांताराम आठवल्यांचं. 'आधी बीज एकले' पण त्यांचंच, बरेच जण तो तुकोबांचाच अभंग समजतात. ते गाणं धरून ते ज्यात आहे त्या 'संत तुकाराम'कडे (१९३६) या, दिग्दर्शक दामले-फत्तेलाल, तुकाराम झालेत विष्णुपंत पागनीस. चमत्कार बघून देवाधर्माचा सिनेमा म्हणून सोडून देऊ नका, त्यातली जिजाई बघा, गौरीनं केलेली. तिला घर चालवायचंय, म्हैस सांभाळायचीय, पोरांना खायला घालायचंय, आणि नवरा विठ्ठल विठ्ठल करतोय. माझ्या मते आपल्या पडद्यावरची ती सगळ्यात खरी बायको आहे.

हा मात्र एकट्यानं बघू नका, घरात कुणी म्हातारं माणूस असेल तर शेजारी बसवा आणि मधे बोलू द्या. पोर आजारी पडतं आणि जिजाई पायातलं काढून विठ्ठलावर धावून जाते तो सीन आला की माझी आजी दर वेळी मांडीवर थाप मारून म्हणायची, "बरोबर आहे तिचं."