वाहनाचे पासिंग आणि रस्त्यावरची तपासणी : या चुका टाळा

टेम्पो, रिक्षा, टॅक्सी किंवा स्कूल बस बाळगणाऱ्यांच्या तोंडी ज्याला ‘पासिंग’ म्हणतात, ते कायद्याच्या भाषेत योग्यता प्रमाणपत्र होय, म्हणजे वाहन तपासून ते रस्त्यावर चालवण्यास योग्य असल्याचा दिलेला दाखला. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५६ नुसार हे वैध प्रमाणपत्र नसलेल्या परिवहन वाहनाची नोंदणीच वैध मानली जात नाही. त्यामुळे मुदत संपलेली गाडी रस्त्यावर आणणे म्हणजे एखादा कागद घरी विसरणे नव्हे. कलम १९२ नुसार तो विनानोंदणी वाहन चालवण्याचा गुन्हा ठरतो. त्यासाठी पहिल्या वेळी दोन ते पाच हजार रुपये दंड आहे, आणि पुन्हा सापडल्यास दहा हजारांपर्यंत दंड किंवा एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. ‘साहेब, परवाच संपलंय’ हे वाक्य नाक्यावर रोज ऐकू येते, पण त्याने कलम बदलत नाही.

मुदत मोजण्यातली चूक बहुधा एकाच वळणावर होते. नवीन परिवहन वाहनाला दोन वर्षांचे प्रमाणपत्र मिळते आणि वाहन आठ वर्षांचे होईपर्यंत त्याचे नूतनीकरणही दोन-दोन वर्षांसाठीच होते. त्यानंतर मात्र ते दरवर्षी करावे लागते. मालकाच्या अंगवळणी दोन वर्षांचा हिशेब पडलेला असतो आणि नवव्या-दहाव्या वर्षी गाडी पोलिसांच्या हाती लागते. खासगी मोटारीच्या आणि दुचाकीच्या मालकांनाही आपल्याला हे लागू नाही असे वाटते, परंतु त्यांची नोंदणी पंधरा वर्षांचीच असते. पुढे वाहनाची तपासणी होऊन ती पाच वर्षांसाठी वाढवून मिळते आणि त्यासाठीचा नमुना २५ मधील अर्ज मुदत संपण्यापूर्वीच्या साठ दिवसांत करता येतो. ही तारीख आरसी पुस्तकावर छापलेली असते. ती वाचण्याची तसदी फारसे कोणी घेत नाही, एवढेच.

सर्वांत महागात पडणारी चूक म्हणजे पासिंगला वर्षभराचे अभयपत्र समजणे. प्रमाणपत्र वाहनाची त्या दिवसाची अवस्था सांगते. कलम १९०(१) मात्र रस्त्यावरच्या अवस्थेबद्दल बोलते: चालवणाऱ्याला ठाऊक असलेला किंवा साधी काळजी घेतली असती तर ध्यानात आला असता असा धोकादायक दोष वाहनात असेल, तर दीड हजार रुपये दंड आहे, त्या दोषामुळे अपघात होऊन कोणी जखमी झाले किंवा मालमत्तेचे नुकसान झाले, तर तीन महिन्यांपर्यंत कैद, पाच हजार रुपये दंड किंवा दोन्ही होऊ शकते. ‘मला माहीत नव्हते’ हा बचाव या शब्दरचनेने आधीच काढून घेतला आहे. तरीही पासिंगपुरते चांगले टायर दुसऱ्या गाडीचे काढून बसवायचे आणि संध्याकाळी पुन्हा गुळगुळीत टायर चढवायचे, स्पीड गव्हर्नरची (वेगाला मर्यादा घालणाऱ्या यंत्राची) वायर तपासणीच्या ट्रॅकवरून बाहेर पडताच सोडून ठेवायची, रिफ्लेक्टरची पट्टी धुण्यात निघाली तरी तशीच ठेवायची, हे प्रकार सर्रास चालतात. पुण्याची वाहने पासिंगसाठी सासवडजवळच्या दिवे गावातील ट्रॅकवर जातात. ब्रेक चाचणीसाठी अडीचशे मीटरचा मार्ग असावा, असा मुंबई उच्च न्यायालयाचा आग्रह होता, तो उगाच नव्हे. मात्र तपासणीला गाडी सहसा रिकामी येते आणि दिवे घाटातून उतरताना ती भरलेली असते, हा फरक कोणतेही प्रमाणपत्र भरून काढत नाही. मोटारीच्या टायरची खाच १.६ मिलिमीटरपेक्षा कमी झाली की टायर बदलायचा, हा निकष पाहायला निरीक्षक लागत नाही. खाचांमधल्या उंचवट्यांपर्यंत रबर झिजले की समजावे.

अपघातानंतर घाईने गॅरेज गाठणे ही याच चुकीची पुढची पायरी. पोलिसांकडे नोंद झालेल्या अपघातात मोटार वाहन निरीक्षक ब्रेक, स्टिअरिंग, टायर तपासतो आणि त्याचा अहवाल तपासाच्या कागदपत्रांत लागतो. त्याआधी केलेली दुरुस्ती पुरावा मिटवल्यासारखी दिसते, मग हेतू कितीही सरळ असो. तपासणीसाठी वाहन हलवले असेल तर ते कुठे नेले हे मालकाला कळवले पाहिजे आणि सोपस्कार पूर्ण झाल्यावर चोवीस तासांत परत केले पाहिजे, असे कलम १३६ सांगते. ते कलम नम्रपणे दाखवून द्यावे. गुन्ह्यात जप्त झालेली गाडी मात्र न्यायालयात अर्ज करून सुपूर्तनाम्यावर, म्हणजे मागितल्यास गाडी हजर करण्याची लेखी हमी देऊन, सोडवावी लागते.

खाकी कपडे पाहून सगळ्यांनाच पोलीस समजण्याने वेळ फुकट जातो. रस्त्यावर वाहने तपासणारे आरटीओचे वायुवेग पथक वेगळे आणि पोलिसांची वाहतूक शाखा वेगळी. गणवेशातील पोलीस अधिकारी कागदपत्रे मागू शकतो व कारवाई करू शकतो. प्रमाणपत्र देणे आणि लेखी कारण नोंदवून ते रद्द करणे हे त्याचे काम नाही. म्हणून आधी दंडाच्या चलनावर ते कोणी केले हे वाचावे आणि तक्रार त्याच कार्यालयाकडे करावी.

कागद दाखवण्याबाबत सांगायचे तर डिजिलॉकर किंवा एमपरिवहन ॲपमधील प्रत मूळ कागदाइतकीच ग्राह्य आहे, गॅलरीतला फोटो नाही. पीयूसी, म्हणजे वाहनाच्या धुराच्या तपासणीचे प्रमाणपत्र, हे पासिंगपासून स्वतंत्र आहे: पहिल्या नोंदणीनंतर एक वर्षाने ते लागू होते आणि बीएस-४ व बीएस-६ वाहनांना त्याची मुदत बारा महिने असते. एजंटने गाडी ट्रॅकवर न नेताच पासिंगचा कागद आणून दिला असेल, तर त्याची नोंद परिवहन संकेतस्थळावर त्याच दिवशी तपासावी. खोटा वाटणारा कागद पोलीस जागेवर ताब्यात घेऊ शकतात.

प्रमाणपत्र वैध असूनही चलन आले, तर महाट्रॅफिक या ई-चलनाच्या ॲपवर तक्रार करताना प्रमाणपत्राची प्रत आणि चलनाचा क्रमांक दोन्ही जोडावेत. तिथे चलनाची तारीख आणि वेळ पाहिली जाते. दुपारी मिळालेल्या पासिंगने सकाळचे चलन रद्द होत नाही.