पॉइंट टूटू पिस्तूल घेताय? आधी या चुका टाळा

नेमबाज राही सरनोबत आपल्या रत्नागिरीच्या शेजारच्या कोल्हापूरची. तिने २०१८च्या जकार्ता एशियाडमध्ये २५ मीटर पिस्तुलात सुवर्ण जिंकलं. मनू भाकरने २०२४मध्ये पॅरिस ऑलिंपिकमध्ये १० मीटर एअर पिस्तुलात दोन कांस्यं मिळवली आणि २५ मीटरला चौथी आली. तेव्हापासून एअर पिस्तुलावर हात बसलेली आपल्याकडची मुलं पॉइंट टूटूची, म्हणजे २५ मीटरला लागणाऱ्या .२२ बोअरच्या पिस्तुलाची चौकशी करू लागली आहेत, याचा मला मनापासून आनंद आहे. पण प्रश्न सगळ्यांचा एकच असतो: "सर, पार्डिनी घेऊ, वॉल्थर घेऊ की मोरिनी?"

२५ मीटरच्या प्रिसिजन टार्गेटवर दहाचं वर्तुळ ५० मिलिमीटरचं असतं. ही तिन्ही पिस्तुलं चांगल्या गोळीने, रेतीच्या पिशवीवर टेकवून चालवली तर पाचही गोळ्या त्या वर्तुळात सहज टाकतात. नवशिक्याचा हात तिथवर पोचायला काही वर्षं जातात. त्यामुळे नावावरून घातलेला वाद फुकटचा आहे. पैसे बुडतात ते दुसरीकडेच.

फोटो बघून सेकंडहँड घेणं

या चुकीवर मी सगळ्यात जास्त बोलतो, कारण तिचा फटका बसलेलं घर मी पाहिलं आहे. लांज्याकडची एक मुलगी. मेहनती, हात स्थिर. रीतसर लायसन्स काढलं, आणि वडिलांनी आंब्याच्या हंगामाचे पैसे घालून तिला पिस्तूल घेऊन दिलं. डीलरने फोटो पाठवला होता. वॉल्थर, जुनं पण नीट ठेवलेलं, भाव इतरांपेक्षा बराच कमी. "जीएसपीच समजा," असं तो म्हणाला होता. जीएसपी म्हणजे वॉल्थरचं .२२ लाँग रायफलचं, २५ मीटरला चालणाऱ्या लांब गोळीचं पिस्तूल. लायसन्सवर कॅलिबर .२२ आणि पावतीवरही .२२, म्हणून कुणाला शंकाच आली नाही.

पहिल्या दिवशी रेंजवर ती मॅगझिन भरायला बसली आणि थांबली. "सर, गोळी मावतच नाहीये हो." मी बॅरल उजेडाकडे धरून कॅलिबर वाचलं. .२२ शॉर्ट. ते पिस्तूल जीएसपी नव्हतं, आखूड गोळीचं ओएसपी होतं.

दोन्ही एकाच घरातली, सांगाडा तोच, मॅगझिन दोन्हींत ट्रिगरच्या पुढे. फोटोत ओळखायला जाणता डोळा लागतो. ओएसपी रॅपिड फायरसाठी, म्हणजे झटपट पाच गोळ्या मारायच्या प्रकारासाठी बनवलेलं होतं, कारण तेव्हा त्या प्रकारात .२२ शॉर्ट चालायची. २००५पासून नियम बदलले, रॅपिड फायरलाही .२२ लाँग रायफलच लागू लागली आणि जगभरची शॉर्टची पिस्तुलं एका फटक्यात स्पर्धेबाहेर गेली. म्हणून ती स्वस्त मिळतात. लाँग रायफलचं काडतूस साधारण २५ मिलिमीटर लांब, शॉर्ट साडेसतराच्या आसपास. लांब काडतूस शॉर्टच्या मॅगझिनमध्ये बसणार कसं?

जीएसपीचं लाँग रायफलचं युनिट, म्हणजे बॅरलसकट वरचा भाग, त्याच सांगाड्यावर चढतं. पण ते मिळायला हवं, आणि बॅरल कायद्याने शस्त्राचाच भाग असल्याने तेही लायसन्सवाल्या डीलरकडून, नोंद करूनच घ्यावं लागतं. डीलरने हात वर केले. पोरीने पुढचे दोन पावसाळे क्लबच्या पिस्तुलावर काढले.

तेव्हापासून माझा नियम असा: पैसे देण्याआधी बॅरलवरचा कॅलिबरचा ठसा स्पष्ट दिसेल असा फोटो मागायचा, आणि मॅगझिनमध्ये लाँग रायफलच्या पाच गोळ्या भरलेला दुसरा. विकणारा टाळाटाळ करू लागला तर व्यवहार तिथेच संपला. सौदा पक्का करायला मात्र प्रत्यक्ष जायचं. रत्नागिरीहून मुंबईचं रेल्वेचं तिकीट फसलेल्या पिस्तुलापेक्षा कधीही स्वस्त.

गोळीचा विचार न करता पिस्तूल निवडणं

सराव स्वस्त पडतो की महाग, हे पिस्तुलाच्या किमतीवरून नाही तर गोळीच्या खर्चावरून ठरतं. क्लबला नेहमी कोणती गोळी मिळते ते आधी विचारा आणि घ्यायचं पिस्तूल त्याच गोळीवर चालवून बघा. काही पिस्तुलं एका मेकची गोळी सुरळीत खातात आणि दुसऱ्याची दर मॅगझिनला अडकवतात. टार्गेट पिस्तुलाला स्टँडर्ड व्हेलॉसिटीच हवी, सेकंदाला साधारण ३२५ मीटरची, आवाजाच्या वेगाच्या जरा खालची. हाय व्हेलॉसिटीने बोल्ट मागे जोरात आपटतो, तो धक्का झेलणारा बफर लवकर झिजतो, आणि कागदावर गोळ्या जास्त जवळ पडतात असंही नाही. "जोरदार असेल तर बरं" म्हणणाऱ्यांना मी त्या गोळ्या लेनवर काढूच देत नाही.

खाऱ्या हवेत पिस्तूल केसमध्ये ठेवणं

पिस्तुलासोबत येणारी फोमची केस प्रवासासाठी असते, घरात ठेवायला नाही. मालवणच्या एका मुलाने जुलैत सराव करून पिस्तूल तसंच केसमध्ये घातलं, केस कुलपाच्या कपाटात ठेवली आणि परीक्षेत अडकला. गणपतीत उघडली तेव्हा फोम जिथे जिथे टेकला होता तिथे स्टीलवर तांबूस गंज चढला होता, आणि बॅरलच्या तोंडाशी बारीक खड्डे पडले होते. फोम ओल धरून ठेवतो. त्यात हाताचा घाम आणि समुद्राचा वारा मिळाला की दोन महिने पुष्कळ झाले.

मी रेंजवरून आलो की आधी पिस्तूल रिकामं आहे ना ते बघतो, मग तेलाचा हात लावलेल्या सुती फडक्याने सगळा धातू पुसतो आणि कुलपाच्या कपाटात उघडंच, कोरड्या कापडावर ठेवतो. बाजूला सिलिका जेलची डबी. मिरगापासून नवरात्रापर्यंत सराव नसला तरी आठवड्यातून एकदा पुसतोच. ग्रिपला तेल लावायचं नाही, लाकूड निसरडं होतं. पावसात अक्रोडाची ग्रिप किंचित फुगते आणि हात वेगळा बसतो, म्हणून ग्रिप घासून घ्यायची ती दिवाळीनंतर.

बाकीच्या चुका थोडक्यात.

ग्रिप दुकानात मुठीत दाबून बघू नका. रिकामं पिस्तूल सुरक्षित दिशेला धरून डोळे मिटा, हात उचला, डोळे उघडा. पुढची साइट मागच्या खाचेत आपोआप आली तर ग्रिप तुमची.

स्प्रिंग कापून ट्रिगर हलका करू नका. २५ मीटरला ट्रिगर किमान १००० ग्रॅम लागतो. तपासणीत वजन उचललं नाही की सगळी तयारी वाया. ज्याला तीन महिन्यांत मेडल हवं असतं तोच हे उद्योग करतो.

रिकाम्या चेंबरवर ड्राय फायर, म्हणजे गोळीशिवाय ट्रिगर ओढायचा सराव, करू नका, पिस्तुलात त्याची खास सोय असल्याशिवाय. .२२ची गोळी रिमफायर असते, म्हणजे पिन काडतुसाच्या कडेवर बसते. काडतूस नसेल तर ती चेंबरची कड ठेचते. स्नॅप कॅप, म्हणजे सरावाचं नकली काडतूस, वापरा.

क्लीनिंग रॉड बॅरलच्या तोंडातून घालू नका.

एअर पिस्तूल विकू नका. ०.१७७ बोअरच्या आणि २० ज्यूलच्या आतल्या एअर पिस्तुलाला लायसन्स लागत नाही, आणि छर्रा गोळीपेक्षा कितीतरी स्वस्त. त्याचा ट्रिगर ५०० वरून १००० ग्रॅमवर येत असेल तर आणा आणि घरी त्यावर हात घटवा. माझ्या मुलांचा आठवड्याचा बराचसा सराव असाच होतो. रेंजवरच्या गोळ्या फक्त तीन सेकंदांच्या सिरीजला, जिथे प्रत्येक गोळीला टार्गेट तीनच सेकंद समोर असतं.

आणि गोळी उडाली नाही तर लगेच बोल्ट ओढू नका. पिस्तूल टार्गेटकडेच धरून मनात तीस आकडे मोजा, मग काढा. आवाज दबका आला तर पुढची गोळी मारायचीच नाही. मॅगझिन काढा, रेंज ऑफिसरला हाक मारा आणि बॅरलमध्ये शिसं अडकलंय का ते त्याच्यासमोर तपासा.