वाईतून नदीकाठी आणि पाटाकाठी चालायचं असेल तर

गुडघे कुरकुरणाऱ्या पाहुण्यांना मी आधी गणपती घाटावर नेते. ढोल्या गणपतीचं दर्शन घ्यायचं आणि कृष्णेच्या काठानं जमेल तेवढं चालायचं. सकाळी सातच्या आत या. नंतर गाड्यांची गर्दी होते. शेवाळलेल्या पायऱ्यांवर चप्पल घसरते, पायात पट्ट्याचे सँडल हवेत.

थोडी ताकद असेल तर मेणवली. गाव साधारण तीन किलोमीटरवर आहे, वाट सपाट. तिथला नाना फडणवीसांचा वाडा बघाच, पण माझा जीव खालच्या चंद्रकोरी घाटात. शेजारच्या छोट्या देवळात वसईच्या मोहिमेतली पोर्तुगीज घंटा टांगलेली आहे. तिच्याखाली उभं राहून वर बघा, ओतीव धातूची जाडी तेव्हा कळते.

धोम धरणाच्या पाटाची वाट मला सगळ्यात आवडते. चढ जवळजवळ नाही, कारण पाटाचं पाणी अगदी मंद उतारानं वाहतं. आवर्तन, म्हणजे शेतीसाठी सोडलेलं पाणी, चालू असताना पाट तुडुंब असतो आणि अस्तराचा उतार गुळगुळीत, म्हणून हात धुवायलासुद्धा खाली उतरू नका. मुलांना शेताच्या बाजूनं चालवा. ऊसतोडीच्या दिवसांत ट्रॉली आली की थांबून तिला वाट द्या. पावसाळ्यात धरणातून विसर्ग सुरू असेल तर नदीकाठचे घाट टाळाच.