नव्या पिल्लाचं पोट बिघडलं तर

कुत्र्याचं पिल्लू घरी आल्यावर पहिल्या आठ-दहा दिवसांत त्याला पातळ शी होणं अगदी सामान्य आहे. आई आणि भावंडं सुटलेली असतात, जागा नवी असते, पाणी वेगळं असतं, आणि त्यातच घरातला प्रत्येक जण लाडाने काही ना काही त्याला भरवत असतो. असा बिघाड बहुतेक वेळा दोन दिवसांत आवरतो. पण पार्वो या जीवघेण्या विषाणूच्या आजाराची सुरुवातही नेमकी अशीच होते, आणि तिथे वाट बघण्यात गेलेला एक दिवस जिवावर बेततो. म्हणून औषधाच्या मागे लागण्याआधी पिल्लू हातात घ्या आणि नीट तपासा.

वरचा ओठ उचलून हिरडी बघा. ती गुलाबी आणि ओली हवी. बोटाने दाबली की पांढरी पडते, सोडल्यावर 2 सेकंदांच्या आत रंग परत यायला हवा. हिरडी चिकट लागली तर अंगातलं पाणी कमी झालंय. पांढुरकी दिसली तर अंगात रक्त कमी आहे, आणि पिल्लांमध्ये त्याचं नेहमीचं कारण म्हणजे हूकवर्म, आतड्यात रक्त शोषणारा जंत. आपल्या गावठी पिल्लांच्या हिरड्या पुष्कळदा काळ्या असतात, तेव्हा रंग कळत नाही. मग डोळ्याची खालची पापणी किंचित ओढून आतला भाग बघा. मानेवरची कातडी चिमटीत धरून बघायची पद्धत सगळे सांगतात, पण लहान पिल्लात ती फसवते, हिरडीवर जास्त भरवसा ठेवा. डिजिटल थर्मामीटरच्या टोकाला व्हॅसलीन लावून ते गुदद्वारात साधारण 1 सेंमी आत धरा. 101 ते 102.5 फॅरनहाइट ठीक. 103 च्या वर किंवा 99 च्या खाली गेलं तर लगेच डॉक्टर.

उलटी आणि जुलाब दोन्ही एकदम, शीमध्ये रक्त किंवा डांबरासारखा काळा रंग, प्यायलेलं पाणीही बाहेर पडणं, फुगलेलं दुखरं पोट, किंवा हाक मारली तरी न उठणं. यातलं एकही दिसलं, आणि त्यातही लसी पूर्ण झालेल्या नसल्या, तर घरगुती उपाय करूच नका. पार्वोची झटपट तपासणी दवाखान्यात शीच्या नमुन्यावर काही मिनिटांत होते. उपचार मुख्यतः सलाइनचा, आणि तो जितका लवकर तितकी आशा जास्त. गोव्यात दुपारी बरेच दवाखाने बंद असतात, रविवारी आणि फेस्ताच्या (चर्चच्या सणाच्या) दिवशी तर डॉक्टर शोधत फिरावं लागतं. म्हणून सरकारी पशुवैद्यकीय दवाखाना आणि एक खाजगी डॉक्टर, असे दोन नंबर पिल्लू आणण्याच्या दिवशीच फोनमध्ये ठेवा.

पिल्लू खेळतंय, शेपटी हलवतंय, पाणी पितंय आणि फक्त शी पातळ आहे, तर पुढचं घरी करता येतं.

मोठ्या कुत्र्याला एक वेळ उपाशी ठेवतात, पिल्लाला ठेवू नका. 3 महिन्यांच्या आतल्या पिल्लाच्या अंगात साखरेचा साठा फारच थोडा असतो. काही तास पोट रिकामं राहिलं तरी ते लटपटतं, थंड पडतं, झटके येतात. जेवण थोडं, पण वारंवार. पांढरा सुरय (न उकडलेला) तांदूळ नेहमीपेक्षा जास्त पाण्यात मऊ गिजवा. घरचा उकडा तांदूळ कोंड्यामुळे आत्ता जड पडतो, तो नंतर. सालं-हाडं काढलेली कोंबडी नुसत्या पाण्यात उकडून बारीक तोडा. मीठ, हळद, तेल, लसूण काही नाही. दोन भाग भात आणि एक भाग कोंबडी असं कालवा. 2 किलोच्या पिल्लाला एका वेळी 20 ते 25 ग्रॅम, म्हणजे साधारण दोन टेबलचमचे, दिवसातून पाच-सहा वेळा. वजन माहीत नसेल तर पिल्लाला उचलून वजनकाट्यावर उभे राहा आणि आपलं वजन वजा करा. लाल भोपळा उकडून कुस्करलेला एक छोटा चमचा घातला तर शी बांधायला मदत होते. शी घट्ट झाल्यावर तीन दिवसांत हळूहळू नेहमीच्या जेवणावर या. भात-कोंबडीत कॅल्शियम जवळजवळ नसतंच, वाढत्या हाडांना ते आठवडाभर चालत नाही.

पाणी उकळून गार केलेलं द्या, विशेषतः विहिरीचं असेल तर. औषधाच्या दुकानातलं साधं ओआरएस पाकिटावर लिहिलेल्या मापातच कालवा, घट्ट केलं तर जुलाब वाढतात. सुई काढलेल्या सिरिंजने 5 मिली, दर पंधरा-वीस मिनिटांनी, गालाच्या बाजूने. समोरून घशात सोडलं तर ते श्वासनलिकेत जाऊ शकतं. साखरेऐवजी दुसरं गोड वापरलेलं तयार पेय देऊ नका, त्यात झायलिटॉल असेल तर कुत्र्याला ते विष आहे.

माणसांची जुलाब थांबवायची गोळी, पॅरासिटामॉल, उरलेलं मेट्रोनिडाझोल हे अँटिबायोटिक, यातलं काहीही नको. जंतुसंसर्गात जुलाब बळेच थांबवले तर घाण आतच राहते.

आता मूळ कारण. आपल्याकडे बहुतेक वेळा दोषी असतं दूध-बिस्कीट. गायीच्या दुधातली साखर पचवणं पिल्लाला जड जातं, आणि आपण ते कौतुकाने वाटीभर पाजतो. त्यानंतर येतं हुमण, म्हणजे माशांची आमटी: मिरची, चिंच, नारळाचा रस, वर कांदा-लसूण. कांदा-लसूण तर रक्तपेशीच फोडतात. बांगड्याचे काटे, आंब्याची कोय आणि परसात पडलेलं सोडण (नारळाची तंतुमय साल) ही तिन्ही वेगळी पाहा. सोडणाच्या तंतूंचा आतड्यात गोळा होऊ शकतो, कोय अडकून बसते. पिल्लू पुन्हा पुन्हा ओकतंय आणि शी होतच नाही, तर आधी हेच विचारा की काय चावत होतं. समुद्रावर नेलंत तर खारट पाणी आणि वाळू पोटात जाते, मेलेले मासेही. लसी पूर्ण होईपर्यंत किनारा नकोच.

जंत मात्र घरोघरी असतात. गोल जंत आईकडूनच, गर्भात किंवा दुधातून येतात. हूकवर्मची अळी ओल्या, सावलीतल्या वाळूमातीत वाढते, म्हणजे पावसाळ्यातलं आपलं परसच. तीच अळी अनवाणी मुलांच्या पायातही शिरते. जंताचं औषध दोन आठवड्यांच्या वयापासून दर 15 दिवसांनी, तीन महिन्यांचं होईपर्यंत, नंतर सहा महिन्यांपर्यंत महिन्यातून एकदा. मात्रा आजच्या वजनावर काढलेली हवी, गेल्या महिन्याच्या नव्हे. जुलाब असताना मात्र आधी डॉक्टरना विचारा. औषध देऊनही शी सुटीच राहिली तर ताजा नमुना स्वच्छ डबीत घेऊन दोन तासांत दवाखान्यात द्या. जिआर्डिया हा आतड्यातला सूक्ष्म परजीवी रोज शीमध्ये दिसत नाही, त्यामुळे तीन वेगवेगळ्या दिवसांचे नमुने मागितले तर कंटाळू नका.

पार्वो निघाला तर आधी घाण उचला, फरशी साबणाने धुवा, मग ब्लीच एक भाग आणि पाणी 30 भाग असं ओतून दहा मिनिटं ओलं राहू द्या. फिनाइलवर विसंबू नका. मातीत तो विषाणू महिनोन्महिने टिकतो, तेव्हा त्या अंगणात लस न झालेलं दुसरं पिल्लू सोडू नका.

नवं खाणं सुरू करताना जुनं एकदम बंद करू नका. दोन दिवस पाव भाग नवं, दोन दिवस अर्धं, दोन दिवस पाऊण, मग पूर्ण. मध्येच शी सैल झाली तर एक पायरी मागे. ड्राय फूड सुटं, किलोवर घेऊ नका, आणि पिशवी बल्कांवात (घरापुढच्या ओसरीत) उघडी ठेवू नका. जून ते सप्टेंबरच्या दमटपणात त्याला बुरशी धरते. मूळ पिशवीसकट घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा, महिन्यात संपेल इतकीच छोटी घ्या. कुबट वास आला तर टाकून द्या, उन्हात वाळवून बुरशीचं विष जात नाही.