रविवारचा वेचा: इंटरनेटवरील निवडक गोष्टी घरच्या गटात कशा पाठवाव्यात

खानापूर, निपाणी आणि बेळगाव शहरात विखुरलेल्या आमच्या नातेवाइकांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटात मी दर रविवारी इंटरनेटवरचा एकच वेचा पाठवते. हे काम आपल्या गटात करू इच्छिणाऱ्यांसाठी माझी पद्धत येथे लिहीत आहे.

आठवड्यात जे आवडेल ते लगेच पुढे धाडू नये. फोनमधील टिपणात दुवा, तारीख आणि ते का आवडले याचे एक वाक्य लिहून ठेवावे. शनिवारी ते वाक्य आपल्यालाच पटले नाही, तर तो वेचा गाळावा. माझ्या टिपणातील निम्म्याहून अधिक गोष्टी अशा गळतात आणि त्याचे मला समाधानच वाटते.

सर्वांत जास्त वेळ मूळ शोधण्यास द्यावा. केंब्रिज विद्यापीठाच्या संगणक प्रयोगशाळेतील कॉफीच्या भांड्याची गोष्ट घ्या. इतर खोल्यांतील संशोधक जिने ओलांडून कॉफीसाठी येत आणि भांडे रिकामे पाहून परतत, म्हणून त्यांनी त्यावर कॅमेरा रोखला. ‘1991 मध्ये इंटरनेटवर आलेला पहिला वेबकॅम’ अशा शब्दांत ही गोष्ट फिरते. परंतु ज्यांनी ती व्यवस्था उभारली त्यांनीच लिहिलेली हकीकत वाचली, तर 1991 मध्ये ते चित्र केवळ प्रयोगशाळेच्या अंतर्गत जाळ्यात दिसत होते, वेबवर ते 1993 मध्ये आले आणि 22 ऑगस्ट 2001 रोजी कॅमेरा बंद झाला, असे कळते. मूळ हकीकत फिरत्या मजकुरापेक्षा अधिक रंजकही आहे, कारण रिकाम्या भांड्याची चिडचिड तिच्यात जशीच्या तशी उतरली आहे.

छायाचित्र असल्यास गूगल लेन्स किंवा टिनआय या चित्रशोधाच्या सोयींवर त्याचा उलटा शोध घ्यावा, म्हणजे शब्दांऐवजी ते चित्रच देऊन ते आधी कोठे आले होते हे पाहावे. पावसाळ्यात ‘आजचा गोकाक धबधबा’ म्हणून येणारे छायाचित्र मी एकदा न तपासता पाठवले होते आणि ते काही वर्षांपूर्वीचे निघाले. संदेशावर दुहेरी बाण दिसला, तर तो पाच किंवा अधिक टप्प्यांतून आला आहे असे समजावे आणि तपासणी कसून करावी.

आपल्या भागाविषयी शोधताना एकाच नावावर थांबू नये. शहराचे अधिकृत नाव 1 नोव्हेंबर 2014 पासून बेळगावी झाले असले, तरी जुने नकाशे, गॅझेटियर आणि छायाचित्रे यांची नोंद इंग्रजीतील जुन्या ‘बेलगाम’ या नावाखाली सापडते, मराठी मजकूर ‘बेळगाव’ खाली आणि अलीकडची शासकीय कागदपत्रे बहुधा कन्नडमध्ये मिळतात. घरातील कन्नड माध्यमात शिकणाऱ्या मुलाला कन्नड शोधशब्द टंकायला सांगावे. आमच्याकडे या निमित्ताने मुलेही वेचे आणू लागली आहेत.

वेच्यासोबत आपले तीन-चार वाक्यांचे टिपण युनिकोड मराठीत, म्हणजे कोणत्याही फोनवर सारख्याच दिसणाऱ्या अक्षरांत, लिहावे. मजकुराचे चित्र करून पाठवू नये, कारण वर्षभराने गटात शब्द टाकून शोधल्यास चित्रातील अक्षरे सापडत नाहीत. जुन्या छपाईच्या फाँटमधील मजकूर उचलून चिकटवल्यास त्याची भलतीच अक्षरे होतात. तो पुन्हा टंकणेच बरे. मूळ लेखकाचे नाव टिपणाच्या पहिल्या वाक्यातच यावे, ही माझी आग्रहाची विनंती आहे, कारण पुढे पाठवताना शेवटची ओळ हमखास कापली जाते.

पाठवण्यापूर्वी दुव्यातील प्रश्नचिन्हानंतर ‘यूटीएम’ (utm) या इंग्रजी अक्षरांनी सुरू होणारे शेपूट काढावे, ते केवळ वाचक कोठून आला याची नोंद ठेवण्यासाठी असते. त्यानंतर पान उघडते ना, हे पाहावे. शेवटी इंटरनेट अर्काइव्ह या डिजिटल ग्रंथालयाच्या, वेबपानांच्या प्रती जपणाऱ्या वेबॅक मशीनमध्ये त्या पानाची प्रत साठवावी. 2001 पासून सर्वांसाठी खुल्या असलेल्या या सोयीत पत्ता टाकून साठवण्याची आज्ञा दिली की बहुतेक पानांची दिनांकित प्रत तयार होते. मूळ दुवा आणि हा साठवलेला दुवा मी एकाखाली एक देते, म्हणजे पुढे ते पान नाहीसे झाले तरी निपाणीच्या मावशींना दुसऱ्या दुव्यावरून ते वाचता येते.