आधी नोंदवही, मग पुष्पचक्र : गावातल्या माजी सैनिकांचा स्मृतिदिन कसा पाळावा

डिसेंबर उजाडला की गोव्यातल्या माजी सैनिकांना उसंत नसते. ४ तारखेला नौदल दिन, ७ ला सशस्त्र सेना ध्वज दिन, १६ ला विजय दिवस, १९ ला गोवा मुक्तिदिन. जरा दम घ्यावा तर १४ जानेवारीला माजी सैनिक दिन आणि दुसऱ्याच दिवशी सेना दिन. पेडणे, डिचोली, सत्तरी, काणकोण अशा तालुक्यांतल्या दहा-पंधरा जणांच्या संघाने हे सगळं अंगावर घेतलं तर शिगम्यापर्यंत उत्साह संपतो आणि पुढच्या वर्षी बॅनर तेवढा उरतो. म्हणून सांगतो, कार्यक्रमापासून सुरुवात करू नका. नोंदवहीपासून करा.

नोंदवही

शंभर पानांची जाड वही घ्या. मोबाईलमधली यादी नंतर करता येईल. गावातल्या प्रत्येक माजी सैनिकासाठी आणि दिवंगत सैनिकाच्या कुटुंबासाठी एकेक पान ठेवा. त्यावर सर्व्हिस नंबर, हुद्दा, पलटण किंवा जहाज, भरती आणि निवृत्तीचं साल, पीपीओ (निवृत्तिवेतनाचा आदेश) क्रमांक, घरच्या जबाबदार माणसाचा फोन. सैनिक कर्तव्यावर असताना कामी आला असेल तर तारीख, ठिकाण आणि मोहीम. ही माहिती डिस्चार्ज बुकवरून, म्हणजे निवृत्तीच्या वेळी मिळालेल्या सेवापुस्तिकेवरून उतरवा, ऐकून लिहू नका. ‘तो पासष्टच्या लढाईत होता’ असं वाड्यावर सगळे सांगतात आणि कागदावर भरतीच अडुसष्टची निघते.

वीरनारींच्या, म्हणजे दिवंगत सैनिकांच्या पत्नींच्या, पानावर आणखी एक गोष्ट तपासा, ती म्हणजे जन्मतारीख. वयाची ८० वर्षं पूर्ण झाली की कुटुंब निवृत्तिवेतनात २० टक्के वाढ मिळते, ८५ ला ती ३० टक्के होते आणि नव्वदीला ४०. पण पेन्शनच्या नोंदीत बाईची जन्मतारीखच नसेल तर ही वाढ आपोआप लागत नाही. दुसरा घोळ नावाचा. गोव्यात विवाहाची नागरी नोंदणी असल्याने दाखला बहुतेक घरांत सापडतो, पण त्यावर माहेरचं नाव, आधारवर सासरचं आणि सैन्याच्या कागदांत तिसरंच. नाईकचं नायक झालेलं असतं, कामतचं कामथ. अशा काकींना सोबत घेऊन पणजीच्या सैनिक कल्याण कार्यालयात एक फेरी मारा, कागद ‘स्पर्श’ या संरक्षण निवृत्तिवेतनाच्या ऑनलाइन प्रणालीत दुरुस्त करून घ्या, नोव्हेंबरात हयातीचा दाखला त्यांच्या घरी जाऊन मोबाईलवर भरून द्या. ज्या घरात संघाचा माणूस या कामासाठी गेलेला असतो, त्या घरची माणसं स्मृतिदिनाला स्वतःहून येतात. बाकीच्यांना कितीही निमंत्रणपत्रिका पाठवा.

संघाची नोंदणी करायची असेल तर संस्था नोंदणी कायदा, १८६० प्रमाणे किमान सात सभासद लागतात. बँकेत संस्थेच्या नावाने खातं उघडा आणि पावतीपुस्तक छापा. नोंदणीला घाई नाही. पण पैसे एका सभासदाच्या खात्यात ठेवण्याची सवय पहिल्या महिन्यापासूनच टाळा.

वर्षाला तीनच दिवस

तीन दिवस नक्की करा आणि ते कधी चुकवू नका. माझी निवड अशी.

पहिला १८ डिसेंबर. १९ तारखेला सरकारी समारंभ असतात, माजी सैनिकांना तिथे बोलावणं असतं, पंच-सरपंचही गावात नसतात. गावासाठी आदला दिवस मोकळा, आणि त्याला स्वतःचा अर्थही आहे. १९६१ साली गोवा मुक्त करणारी लष्करी मोहीम, ऑपरेशन विजय, सुरू झाली ती १८ लाच. त्या सकाळी कारवारसमोरच्या अंजदीव बेटावर नौसैनिक उतरले आणि त्यांच्यातले सात जण कामी आले. मेजर जनरल कँडेथ यांच्या १७ व्या इन्फन्ट्री डिव्हिजनने आणि ५० व्या पॅराशूट ब्रिगेडने जमिनीवरून आगेकूच केली. १९ च्या संध्याकाळी पोर्तुगीज गव्हर्नर जनरल वासालो इ सिल्वा यांनी शरणागती पत्करली. आग्वाद किल्ल्यातल्या कैद्यांना सोडवायला गेलेले मेजर शिवदेव सिंग सिद्धू तिथेच मारले गेले. मुलांना एवढं सांगितलं तरी पुरे. आग्वाद त्यांनी सहलीत पाहिलेला असतो.

दुसरा २६ जुलै, कारगिल विजय दिवस. त्याबद्दल खाली, कारण पाऊस. तिसरा दिवस गावाचा स्वतःचा. गावातला एखादा जवान ज्या दिवशी कामी आला ती तारीख, मग ती एप्रिलच्या रखरखीत उन्हात येवो की चवथीच्या धामधुमीत. असा कोणी नसेल तर १४ जानेवारी घ्या. १९५३ मध्ये याच दिवशी सैन्याचे पहिले भारतीय सरसेनापती जनरल करिअप्पा निवृत्त झाले.

गोव्यात एक पथ्य जास्तीचं पाळावं लागतं. इथे मुक्तिलढ्यातले स्वातंत्र्यसैनिक आणि सैन्यातले माजी सैनिक अशा दोन परंपरा आहेत आणि बोलताना त्या सर्रास एकत्र होतात. १५ ऑगस्ट १९५५ ला गोव्याच्या सरहद्दीवर पत्रादेवीला गोळ्या झेलणारे सत्याग्रही निःशस्त्र होते. त्यांच्यापुढे आपण नमतोच. पण नोंदवहीत आणि फलकावर दोन याद्या वेगळ्या ठेवा. नावं मिसळली की दोन्हीकडचे नातेवाईक दुखावतात, आणि ते रास्तच आहे.

जागा

स्मारक नसलं तरी अडत नाही. शाळेचं पटांगण, देवळाचा सभामंडप, कपेलासमोरची (छोट्या चर्चसमोरची) मोकळी जागा, काहीही चालतं. मात्र जागा पंचायतीची, देवस्थानची की कोमुनिदादची (गावाच्या सामाईक जमिनी सांभाळणाऱ्या संस्थेची) हे आधी बघा आणि त्यांच्याकडून परवानगीचं पत्र घ्या. लाउडस्पीकरची परवानगी वेगळी लागते, आणि पोलीस ठाण्यात लेखी कळवलेलं बरं. निवडणूक तोंडावर असेल तर आचारसंहिता लागू आहे का ते मामलेदार कार्यालयात विचारा.

कायमचा शिलालेख बसवायचा असेल तर कोरणाऱ्याकडे जाण्याआधी प्रत्येक नाव त्या-त्या पलटणीच्या अभिलेख कार्यालयातून पडताळून घ्या. मराठा लाइट इन्फन्ट्रीचं ते बेळगावला आहे, म्हणजे सकाळी निघून रात्री परत येता येतं. देशासाठी प्राण दिलेल्यांची नावं दिल्लीच्या राष्ट्रीय युद्ध स्मारकावरही आहेत. २०१९ मध्ये त्याचं उद्घाटन झालं. तिथलं स्पेलिंग आणि घरचं स्पेलिंग जुळलं नाही तर घरच्यांना विचारूनच कोरा. ग्रॅनाइटवरचं अक्षर पुसता येत नाही. आणि अनावरणासाठी फलकावर तिरंगा पांघरू नका. पुतळा किंवा स्मारक झाकायला राष्ट्रध्वज वापरणं कायद्याने मना आहे. साधं पांढरं किंवा भगवं कापड घ्या.

प्रत्यक्ष कार्यक्रम

एकूण वेळ पंचवीस मिनिटं. त्यापेक्षा लांबला तर पहिल्या रांगेतल्या ऐंशीच्या आजोबांचे पाय सुजतात आणि मागची मुलं कुजबुजायला लागतात.

आदल्या संध्याकाळी पुष्पचक्र आणा. तारेच्या किंवा बांबूच्या कड्यावर झेंडू आणि आबोली गुंफून म्हापशाच्या किंवा फोंड्याच्या बाजारात करून मिळतं. कडं दीड-दोन फुटांचंच असू द्या, कारण ते म्हाताऱ्या हातांनी उचलायचं असतं. मागे टेकण्यासाठी तिकाटणं आहे ना ते पाहा. नसलं की पुष्पचक्र आडवं पडतं आणि दोन मंत्री ते सरळ करण्यात गुंततात.

बिगुल वाजवणारा मिळाला तर उत्तमच, पण बहुधा ध्वनिमुद्रण वापरावं लागतं. ते मोबाईलमध्ये उतरवून ठेवा, ऐनवेळी नेटवर्कवर विसंबू नका. एक खाचही लक्षात ठेवा. बऱ्याच मुद्रणांत लास्ट पोस्ट ही निरोपाची धून संपते आणि लगेच राऊज ही मौनानंतरची धून वाजू लागते, मधलं मौन गाळलेलं असतं. म्हणून दोन वेगवेगळ्या फाइल करा आणि त्या लावायचं काम ज्याच्या मनगटावर सेकंदकाट्याचं घड्याळ आहे अशा एकाच माणसाला द्या. लष्करी समारंभात ‘सलामी शस्त्र’ आणि ‘शोक शस्त्र’ असे आदेश असतात. शस्त्रं नसताना गावात ते देऊ नका, हास्यास्पद होतं. ‘सावधान’ आणि ‘विश्राम’ पुरेत, आणि ते देण्यासाठी ज्याचा आवाज अजून पटांगणाच्या टोकाला पोचतो असा एखादा निवृत्त हवालदार शोधा.

क्रम असा ठेवा. सगळे जागेवर आले की निवेदकाने एका वाक्यात दिवस सांगायचा. मग मुलांनी नावं वाचायची. एका मुलाला एकच नाव द्या आणि आठवडाभर आधी त्याला त्या घरी पाठवा. फोटो बघून आलेलं मूल नाव वेगळ्या आवाजात वाचतं. त्यानंतर पुष्पचक्र. सरकारी शिष्टाचारात मान हुद्द्याप्रमाणे, पण हा कार्यक्रम आपला आहे. पहिलं पुष्पचक्र वीरमातेचं किंवा वीरनारीचं, दुसरं संघाच्या सर्वांत वयस्क सभासदाचं, आणि मग सरपंच, आमदार. यावर कुरबूर होते, होऊ द्या. मग लास्ट पोस्ट, दोन मिनिटं मौन, राऊज आणि राष्ट्रगीत. भाषण एकच, पाच मिनिटांचं, राष्ट्रगीताच्या आधी नव्हे तर नंतर चहाच्या वेळी. ज्याला ऐकायचं तो थांबतो.

पोशाखाचं आधीच सांगून ठेवा : ब्लेझर, पलटणीची बेरे टोपी, पदकं डाव्या छातीवर. दिवंगत सैनिकाची पदकं घरच्यांनी लावायची असतील तर उजव्या बाजूला. टोपी असेल त्याने सॅल्यूट करावा, बाकीच्यांनी सावधान. ज्यांना उभं राहवत नाही त्यांनी खुर्चीवरच बसून राहावं, त्यांना उठवायला कोणी धावू नये. चपला काढायच्या की नाही हेही ठरवून माइकवरून सांगा. बूट घातलेले कर्नल आणि अनवाणी गावकरी समोरासमोर आले की दोघेही अवघडतात.

शाल-श्रीफळाचा सत्कार मात्र मंचावर ठेवू नका. नवरा गेलेल्या बाईला फोटोसाठी उभं करणं मला कधी पटलेलं नाही. शाल द्यायचीच असेल तर घरी जाऊन द्या, थोडा वेळ बसा, चहा घ्या.

जुलैतला पाऊस

२६ जुलैला उघड्यावर कार्यक्रम ठरवणं म्हणजे नशिबाशी पैज. छप्पर हवंच, आणि पत्र्याचं नको, कारण सरीचा आवाज बिगुलाला गिळून टाकतो. पणत्या-मेणबत्त्यांऐवजी समई लावा, तिला वाऱ्याचा आडोसा करता येतो. फुलांच्या पाकळ्या ओल्या होऊन फरशीवर चिकटतात आणि त्यावरून म्हातारी माणसं घसरतात. अर्पण करायला सुटी फुलं न देता देठासकट एकेक फूल द्या आणि दाराशी गोणपाट अंथरा. वायरी जमिनीवरून न नेता वरून न्या. वीज जाणार असं धरूनच चला, म्हणजे बॅटरीवरचा स्पीकर ठेवा.

ध्वज दिनाचे पैसे

७ डिसेंबरला गावात निधी गोळा करायचा असेल तर स्टिकर आणि पेट्या सैनिक कल्याण कार्यालयातून घ्या आणि पैसे तिथेच भरून पावती आणा. हा दिवस १९४९ पासून पाळला जातो आणि निधी सरकारी आहे. संघाच्या चहापाण्याचा खर्च त्यातून नको, एक रुपयाही नको. त्यासाठी सभासदांची वर्गणी वेगळी. शाळेत पेटी नेणार असाल तर सोबत एक माजी सैनिक जाऊ द्या. मुलांना स्टिकरपेक्षा सियाचीनमध्ये दात कसे घासतात हे ऐकण्यात जास्त रस असतो.

सभासद गेला तर

हे काम न ठरवता येतं, म्हणून त्याची तयारी आधी हवी. निरोप पोचवायला वाड्यावार एकेक माणूस ठरलेला असावा. पार्थिवावर तिरंगा घालावा असं घरच्यांना वाटतं, पण ध्वजसंहितेप्रमाणे तो फक्त शासकीय, लष्करी किंवा केंद्रीय निमलष्करी दलांच्या इतमामातल्या अंत्यविधीला घालता येतो. हे त्या दुःखाच्या वेळी दारात उभं राहून समजावणं फार कठीण जातं. म्हणून संघाच्या बैठकीत सगळ्यांना आधीच सांगून ठेवा. लष्करी मानवंदना मिळण्यासारखी असेल तर जवळच्या लष्करी किंवा नौदल केंद्राशी कोण बोलणार तेही ठरवा. तिरंगा असेल तेव्हा तो चितेवर किंवा खड्ड्यात जाऊ द्यायचा नाही, आधी घडी करून काढून घ्यायचा. तिरंगा नसेल तेव्हा पलटणीची बेरे आणि पदकं उशीशी ठेवा, सभासदांनी दोन्ही बाजूंना रांगेत उभं राहून शेवटचा सॅल्यूट द्या. स्मशानात असो की सिमितेरीत (ख्रिस्ती दफनभूमीत), यात काही बदलत नाही.

तेराव्यानंतर किंवा महिन्याच्या मिसेनंतर (चर्चमधल्या प्रार्थनेनंतर) नोंदवही घेऊन त्या घरी जा. मृत्यूचा दाखला, पीपीओ, बँकेचं पासबुक, ईसीएचएस (माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेचं) कार्ड आणि वहिनींचं आधार एका जागी ठेवून कुटुंब निवृत्तिवेतनाचा अर्ज त्याच बैठकीत भरा, आणि त्यांची जन्मतारीख पीपीओवर आहे का तेही तिथेच पाहून घ्या.