प्रत्येक स्क्रिप्टला तिचं वेगळं घर द्या

सोलापुरात अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टॉवेल कारखान्यात मी दोन पायथन स्क्रिप्ट, म्हणजे आपोआप चालणारे छोटे प्रोग्राम, लावल्या होत्या. एक रोज रात्री बिलं काढायची, दुसरी सुताचा साठा मोजायची. साठ्यासाठी पांडास (तक्त्यांचं काम करणारं पायथनचं पॅकेज) अपडेट केलं आणि सकाळी बिलंच नाहीत! २०२३ मध्ये आलेल्या पांडास २.० मधून डेटाफ्रेमचं, म्हणजे तक्त्याचं, ओळी जोडणारं 'अपेंड' काढून टाकलंय, आणि बिलांची स्क्रिप्ट त्यावरच चालत होती. दोन्ही स्क्रिप्टना पांडास एकच होतं. माल भरून टेम्पो दारात उभा.

तेव्हापासून प्रत्येक कामाच्या फोल्डरात वेगळं व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट करतो, म्हणजे त्या कामापुरतं वेगळं पायथन आणि त्याची पॅकेजेस. ते बनवणारं 'व्हीएन्व्ह' विंडोजवर पायथनसोबतच येतं. खरी गोम पुढे आहे: ठरल्या वेळी स्क्रिप्ट चालवणाऱ्या विंडोजच्या टास्क शेड्युलरमध्ये नुसतं 'पायथन' लिहू नका. त्या एन्व्हायर्नमेंटच्या 'स्क्रिप्ट्स' फोल्डरातल्या पायथनचा पूर्ण पाथ (फाइलचा पत्ता) द्या, मग अ‍ॅक्टिव्हेट करायचीही गरज नाही. 'स्टार्ट इन'मध्ये कामाचं फोल्डर टाका, नाहीतर स्क्रिप्टला शेजारचीच एक्सेल फाइल सापडत नाही.

सगळं नीट चाललं की 'पिप फ्रीझ' या कमांडने पॅकेजेसच्या आवृत्त्यांची यादी साठवून ठेवा. कॉम्प्युटर बदलला तर जुनं एन्व्हायर्नमेंट कॉपी करू नका, त्यात जुने पाथ पक्के बसलेले असतात. यादीवरून नवं करा.